मॅडम आणि बांबूची एस.टी.

मॅडमच्या गाडीचा मागचा उजवा दरवाजा कायमचा बंद, आणि डावा आतून उघडत नसे. बाहेरून कोणी उघडून दिला तरच आतल्या माणसाची सुटका. गाडी जुनी, पांढरी, डिकीत कायम सुक्या बोंबलांची एखादी पिशवी, आणि त्या वासाने पुढच्या काचेपर्यंत भरलेली. पालघरच्या गॅरेजवाल्याने कितीदा सांगितलं, "मॅडम, किरकोळ काम आहे, बसल्या बसल्या करून देतो." मॅडम म्हणायच्या, "राहू दे. माझ्या सहीनं झाली नाहीत तेवढी कामं त्या दरवाज्यानं केलीत."

याचा अर्थ मला नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात कळला. मी नवी ग्रामसेविका. माहेर जळगावकडचं, नवरा बोईसरच्या एका कारखान्यात, आणि आमचं बिऱ्हाड सालवडला एका खोलीत. मॅडम पंचायत समितीत विस्तार अधिकारी, म्हणजे आम्हा ग्रामसेवकांच्या कामावर देखरेख करणाऱ्या. त्यांनी मला ऑफिसच्या पायऱ्यांवर गाठलं आणि म्हणाल्या, "बस गाडीत, तुझं गाव दाखवते." मागे आधीच एक पाणीपुरवठ्याचे इंजिनियर बसले होते. बिचाऱ्यांनी फक्त स्टेशनपर्यंत सोडा म्हटलं होतं. गाडी स्टेशनकडे न वळता सरळ डोंगराच्या दिशेने निघाली तेव्हा ते म्हणाले, "मॅडम, माझी गाडी चुकेल." मॅडम म्हणाल्या, "दुसरी येते की. पण हिच्या गावच्या बोअरचा पंप तुम्ही बघितला नाही, हे तुम्हीच म्हणाला होतात ना मागच्या मीटिंगला?" साहेबांनी हळूच दरवाज्याची कडी ओढून पाहिली. मग रुमाल नाकाला लावून शांत बसले. पंप दाखवून झाला, त्यात काय बिघडलंय ते त्यांनीच शोधलं, कोणता माणूस पाठवायचा तेही तिथेच फोन करून ठरवलं, आणि मगच मॅडमनी त्यांना स्टेशनवर नेऊन बाहेरून दरवाजा उघडला. "बघा, आलात म्हणून झालं. नाहीतर तुम्ही हिला पत्र लिहिणार, ही तुम्हाला लिहिणार, आणि बायका डोक्यावर हंडे घेऊन तुमचा पत्रव्यवहार बघत बसणार."

मॅडमना माणसांची नावं लक्षात राहात नसत, की त्या मुद्दाम ठेवत नसत, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. त्या प्रत्येकाला त्याच्या खात्याच्या मालावरून हाक मारायच्या. बांधकामाचे शाखा अभियंता म्हणजे "डांबर". विजेचे साहेब म्हणजे "तार". वनखात्याचे वनपाल म्हणजे "झाड". मोठमोठ्या बैठकांत, वरिष्ठांसमोरसुद्धा, "अहो डांबर, जरा तारांच्या शेजारी येऊन बसा, तुमचं दोघांचं काम आहे," असं त्या बिनदिक्कत म्हणायच्या. नवा माणूस चिडायचा. जुने हसून जागा बदलायचे. मी "ठराव" होते, कारण ग्रामसभेचे ठराव लिहायचं काम माझं. पहिल्यांदा मला राग आला. नंतर एकदा त्यांनी चारचौघांत मला माझ्या खऱ्या नावाने हाक मारली, तर मी आधी हातातले कागद तपासले, की काय चुकलं आता!

एक शब्द मात्र त्यांच्यासमोर उच्चारायची सोय नव्हती. 'संबंधित'. सरकारी कागदात हा शब्द मिठासारखा सगळीकडे असतो. संबंधित विभाग, संबंधित अधिकारी, संबंधितांस कळविण्यात यावे. मी माझ्या पहिल्या अहवालात तो मन लावून वापरला होता. मॅडमनी अहवाल माझ्यासमोर धरला.

"हा संबंधित कोण गं?"

"म्हणजे... ज्यांचं काम आहे ते."

"राहतो कुठं?"

मी अहवालातच त्याचा पत्ता शोधू लागले.

"चहा पितो की कॉफी?"

"मॅडम, तसं नाही..."

"ज्याला तू कधी बघितलं नाहीस, त्याच्या गळ्यात गावाचं काम घातलंस. जा, आधी त्याला भेटून ये. मग नाव लिही."

मी खरंच गेले. दोन ऑफिसं फिरून त्या माणसाला शोधलं. तो चहाच पीत होता.

मॅडम मूळच्या एडवणच्या. वडील मासेमारी करायचे, आई पाटी घेऊन बाजारात बसायची. ऑफिसात त्या अगदी पुस्तकी मराठी बोलत, पण राग आला की किनाऱ्यावरची बोली वर यायची. "हे काम होणार आहे की नाही?" असं विचारलं तोवर समोरच्याला मुभा असायची. "ह्यें काम होनार हाय का नाय?" असं आलं की जुने लोक खुर्ची मागे सरकवून उभे राहायचे. एकदा मी त्यांना विचारलं, की तुम्ही सगळ्यांना असं गोळा का करता, एकेकाला सांगून होत नाही का? गाडी चालवताना त्यांनी माझ्याकडे न बघता सांगितलं, "लहानपणी होड्या वर ओढायला जायचो आम्ही. एक जण सकाळी येऊन ओढून गेला, दुसरा दुपारी ओढून गेला, तर होडी हलेल का? सगळे एकदम लागले तर बायाबापड्यासुद्धा ओढतात. एवढंच आहे. यात अक्कल काही नाही."

त्यांचे यजमान तारापूरच्या वसाहतीत नोकरीला होते, आता निवृत्त. फार शांत गृहस्थ. मॅडमचा डबा तेच भरायचे. पण बायकोच्या गाडीत कधी बसत नसत. पालघरला काही लग्न वगैरे असलं, की मॅडम गाडीने आणि ते रिक्षाने. मी एकदा कारण विचारलं, तर म्हणाले, "एकदा बसलो होतो. दवाखान्यात जायचं होतं मला. वाटेत तिला एक सरपंच दिसला."

दुसऱ्या ऑफिसात गेल्या, की मॅडम कधी थेट आत जायच्या नाहीत. ओळख होती, अधिकार होता, चिठ्ठी आत पाठवली असती तर खुर्ची मिळाली असती. पण त्या बाहेरच्या बाकावर, खेड्यातून आलेल्या लोकांच्या रांगेत जाऊन बसायच्या. शेजारच्याला विचारायच्या, कुठून आलात, काय काम, कितव्यांदा आलात. आतल्या साहेबांना शिपायाकडून कळायचं, की मॅडम बाकावर बसल्यात. मग साहेब स्वतः धावत बाहेर. "अहो मॅडम, आत या ना!" "येते की, नंबर आल्यावर. या बाबांचा आधी आहे." त्या बाबांचं काम त्या दिवशी व्हायचंच, आणि बहुतेक वेळा त्यांच्या पुढच्या-मागच्यांचंही.

सगळंच जमायचं असं मात्र नाही. किनाऱ्यावरच्या एका गावात मासळी सुकवायला सिमेंटचा ओटा बांधायचा होता. बायका वाळूत बोंबील सुकवत, माल खराब होई. जागा कोणाची यावरच ते काम अडलं. समुद्राजवळची जागा म्हणून एकाने दुसऱ्याकडे बोट दाखवलं, दुसऱ्याने तिसऱ्याकडे. मॅडमनी सगळ्यांना वाळूत नेऊन उभं केलं, दोनदा, तीनदा. नियम आड आला तो आलाच. त्या निवृत्त झाल्या तरी ओटा झाला नव्हता. डिकीतले बोंबील त्याच गावच्या बायकांचे. मॅडम ते ज्याच्या त्याच्या हातात द्यायच्या आणि म्हणायच्या, "खाऊन बघा, वाळूचे कण लागतील दाताला. ते माझं राहिलेलं काम आहे." हसत म्हणायच्या, पण मला ते हसू कधी खरं वाटलं नाही.

आता बेलपाड्याची गोष्ट सांगते. मॅडम म्हटलं, की मला हीच आठवते.

बेलपाडा माझ्या ग्रामपंचायतीतला सगळ्यात वरचा पाडा. पावसावर पिकणारी भातशेती, ती संपली की निम्मी घरं वीटभट्ट्यांवर जायची. पाड्यापासून बोईसरच्या मोठ्या रस्त्यापर्यंत चालत जायचं, तिथे जीप भरेपर्यंत थांबायचं, मग बोईसर. त्या वर्षी पाड्यातल्या रंजना नावाच्या मुलीला दहावीत चांगले गुण मिळाले. पाड्यातली दहावी पास झालेली ती पहिलीच नव्हे, पण तिच्या आधीच्या चौघी दहावीवरच थांबल्या होत्या. अकरावीला बोईसरला जायचं, तर पहाटे निघून अंधारात परत यायला हवं, आणि वाट रानातली. रंजनाचं अकरावीचं वर्ष कसंबसं गेलं. बोईसरला मावशीकडे राहिली, आजारी पडली, परत आली. तिचा बाप, देवजीभाऊ, मला स्पष्ट म्हणाला, "ताई, पोर हुशार हाय, मला कळतं. पन रोज तिच्या मागं कोन जाईल? येत्या दिवाळीनंतर आमी तिला भट्टीवर नेतो. डोळ्यासमोर तरी राहील."

पाड्याने एस.टी. मागितली होती. आजची नव्हे, कित्येक वर्षांची मागणी. एस.टी.चं उत्तर असं, की रस्त्यावर तार खाली आलीय, झाडाच्या फांद्या आड येतात, ओढ्यावरच्या मोरीची कड तुटलीय, आणि पाड्यात गाडी वळवायला जागा नाही. त्यांचंही बरोबरच होतं, एवढी माणसं भरलेली गाडी कुठे अडकली तर? मग ते पत्र विजेकडे, विजेचं वनखात्याकडे, वनखात्याचं बांधकामाकडे. सगळ्यांनी उत्तरं दिली होती. कोणीही खोटं बोललं नव्हतं. एस.टी. मात्र आली नव्हती.

मी हे सगळं मॅडमना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "एस.टी. केवढी असते गं?"

"म्हणजे?"

"लांबी, रुंदी, उंची?"

मला ठाऊक नव्हतं. आम्ही दोघी आगारात गेलो. मॅडमनी डिकीतून सुंभाची दोरी काढली आणि उभ्या असलेल्या एका लाल गाडीला मापं घ्यायला सुरुवात केली. ड्रायव्हर-कंडक्टर जमले. कोणी म्हणालं, "मॅडम, घरी न्यायची का गाडी?" "होय," मॅडम म्हणाल्या, "जरा त्या टोकाला धरा." दोरीला तीन गाठी मारून त्या आगारातल्या साहेबांकडे गेल्या आणि म्हणाल्या, "होळी झाली की एक दिवस तुमचा माणूस द्या. मी तुम्हाला तुमची गाडी बेलपाड्यात चढवून दाखवते. डिझेल लागणार नाही."

होळी झाल्यावरचा दिवस मॅडमनी विचार करून निवडला होता. भट्टीवर गेलेली माणसंसुद्धा होळीला घरी येतात, पाडा भरलेला असतो. देवजीभाऊ आणि चार-सहा जणांनी बांबू तोडून, चिरून, दोरीच्या मापाने एक सांगाडा बांधला. एस.टी.एवढा लांब, एस.टी.एवढा रुंद, एस.टी.एवढा उंच. चाकं नाहीत, पत्रा नाही, नुसते उभे-आडवे बांबू. पोरांनी पुढे आंब्याच्या पानांचं तोरण बांधलं. रंजनाने एका पुठ्ठ्यावर कोळशाने लिहिलं, 'बोईसर – बेलपाडा', आणि तो पुढे अडकवला.

साहेब लोकांना आणायचं काम दरवाज्याने केलं. डांबर आणि झाड मागच्या सीटवर. एस.टी.चे वाहतूक निरीक्षक पुढे. तार येत नव्हते, त्यांना मॅडमनी फोन केला, "आम्ही उंच बांबू घेऊन तुमच्या तारेखालून जाणार. लाइन बंद ठेवा, आणि बंद आहे हे तुम्ही स्वतः उभं राहून सांगा. कोणाला काही झालं तर?" ते मोटारसायकलवर आमच्या आधी पोचले.

मोठ्या रस्त्याच्या फाट्यावरून मिरवणूक निघाली. पाड्यातल्या बाया-पुरुषांनी सांगाडा दोन्ही बाजूंनी खांद्यावर आणि हातांवर धरलेला. आत पोरं. तोंडाने घरघर आवाज काढत होती. मागून मॅडम, चपला हातात घेऊन, आणि त्यांच्या मागे चार खाती. ऊन मी म्हणत होतं.

पहिल्यांदा अडलो तो तारेशी. वरचा आडवा बांबू तारेला टेकला आणि सगळी एस.टी. थांबली. पोरं ओरडली, "तिकीट! तिकीट!" तार साहेबांनी वर पाहिलं. सगळा पाडा मान वर करून नुसता बघत होता. ते म्हणाले, "एक खांब मध्ये घेतला, की उचलते वर. पण खांब रोवायचा तर ती वनखात्याची हद्द." झाड बाजूलाच उभे होते. म्हणाले, "मग मागा ना. तुम्ही मागितलाच कुठे खांब? मला पत्र आलं ते फांद्यांचं." दोघं एकमेकांकडे बघत राहिले. मग झाडांनी विचारलं, "ते सही करणारे तुम्हीच का?" "हो. आणि ते उलट उत्तर देणारे तुम्ही?" दोघांनाही हसू आलं. इतकी वर्षं ते एकमेकांना पत्रं लिहीत होते, भेट आज झाली.

पुढे वळणावर मोहाचं जुनं झाड. फांदी रस्त्यावर आलेली. सांगाडा तिथे अडला, आणि या वेळी झाड साहेबांच्या आधी पाड्यातल्या बायाच बोलल्या, "मोह तोडायचा नाय." डांबर म्हणाले, मग रस्ता थोडा पलीकडे सरकवायला लागेल, पलीकडे पुन्हा वन. झाड म्हणाले, गावाच्या छोट्या कामाला एवढी जागा देता येते, पण ग्रामसभेचा ठराव लागतो. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मॅडम म्हणाल्या, "ठराव, गाव इथंच आहे. घे सभा." त्या मोहाखाली, बांबूच्या एस.टी.त बसून, आम्ही सभा घेतली. माझ्या नोकरीतली सगळ्यात जास्त हजेरी असलेली सभा ती. मोरीशी आलो तेव्हा डांबर कोणी विचारण्याआधीच म्हणाले, "पाइप मी देतो, कड बांधून घेतो." देवजीभाऊ म्हणाला, "दगड आमी आनतो." पाचव्या मिनिटाला आम्ही पुढे.

असे आम्ही पाड्यात पोचलो. सगळ्यांची थट्टामस्करी चालली होती. आणि तिथे गाडी अडली ती खरी अडली.

वळता येईना. एका बाजूला घरं, दुसऱ्या बाजूला कुंपण. सांगाडा पुढे घेतला, मागे घेतला, तिरका केला. माणसं घामाघूम झाली. वाहतूक निरीक्षक हळू आवाजात म्हणाले, "मॅडम, बाकीचं होईल. पण गाडी उलटी, रिव्हर्समध्ये, डोंगर उतरून नाही नेता येणार. मला लिहून देता येणार नाही." ते चांगले गृहस्थ होते. त्यांचं तोंड खरंच पडलं होतं.

मॅडमनी चौफेर पाहिलं. हे काम डांबराचं नव्हतं, तारेचं नव्हतं, झाडाचं नव्हतं. कोणाला हाक मारावी असं खातंच नव्हतं. रंजना सांगाड्यातून बाहेर आली आणि बाजूला जाऊन उभी राहिली. पोरांची घरघर थांबली.

कुंपणापलीकडे जमनी आजीचं खळं होतं. भात झोडायची सारवलेली सपाट जागा. म्हातारी एकटी राहायची, मुलगा भट्टीच्या कामाला गेला तो पुन्हा आलाच नाही. ती दारात बसून सगळा तमाशा बघत होती. तिने विचारलं, "काय झालं गं बाय?"

"वळत नाय," मॅडम म्हणाल्या. पुस्तकी बोली कुठल्या कुठे गेली होती.

म्हातारी उठली. कुंपणापाशी आली. एक खुंट धरून हलवला, उपटला, बाजूला टाकला. मग दुसरा. कोणाला काही कळेपर्यंत अर्धं कुंपण आडवं.

"वळव इकडून," ती म्हणाली.

देवजीभाऊ पुढे झाला. "आजी, भात कुठं झोडशील?"

"भात काय रोज झोडते? एस.टी. रोज येल."

बांबूची एस.टी. जमनी आजीच्या खळ्यात शिरली, ऐसपैस वळली आणि बोईसरकडे तोंड करून उभी राहिली. पोरांनी जो कल्ला केला तो मला अजून ऐकू येतो. वाहतूक निरीक्षक टाळ्या वाजवत होते. मॅडम पाठमोऱ्या उभ्या होत्या आणि पदराने चष्मा पुसत होत्या, बराच वेळ. मग वळून मला म्हणाल्या, "लिही ठरावात. खळं जमनीचंच. एस.टी. पाहुणी. सुगीत तिची रास मध्ये असली, तर गाडीनं बाजूनं वळायचं." मी अगदी असंच लिहिलं. वरच्या ऑफिसात कोणी भाषा बदलली नाही.

जूनमध्ये कॉलेजं उघडायच्या आधी तार वर गेली होती, मोरीला कड आली होती, मोहाला वळसा पडला होता. कुठे काही अडलं, की मॅडम त्या त्या माणसाला फोन करून एवढंच म्हणायच्या, "बांबू अजून ठेवलेत हं आम्ही." एस.टी. सुरू झाली ती प्रायोगिक. प्रवासी मिळाले नाहीत तर बंद, असं आगाराने आधीच सांगितलं होतं. पाड्याने त्यावर आपसात एक तोड काढली. ज्याला काम नसेल त्यानेही पाळीपाळीने बसायचं. कितीतरी माणसं मोठ्या रस्त्यापर्यंत उगीच एस.टी.ने जायची आणि चालत घरी यायची. गाडी रिकामी गेली नाही. आजही चालू आहे. जोराच्या पावसात एखाद-दोन दिवस चुकते, तेवढंच. रंजना बारावी झाली, नर्सिंग शिकली, आता डोंगराकडच्याच एका आरोग्य उपकेंद्रात आहे. तिच्या मागून गेलेल्या मुली मी आता मोजत नाही.

मॅडम निवृत्त होऊन एडवणला राहतात. मी अजून नोकरीत आहे. माझ्याकडे गाडी नाही, पण काम अडलं की मी पत्र लिहायच्या आधी माणसं गोळा करते. जमतं तेव्हा जमतं. नोकरी मला सरकारने दिली. ती कशासाठी करायची, हे मात्र मला त्यांनी दाखवलं, आणि तेही कधी शिकवतोय असं न भासवता. सालवडच्या त्या खोलीत मी पहिले काही महिने रोज बदलीचा विचार करत होते. तो विचार कधी सुटला ते माझं मलाच आठवत नाही.

एस.टी.च्या पहिल्या दिवसाचं मात्र सांगायचं राहिलं. त्या सकाळी एस.टी. आली, खळ्यात वळली. नारळ फुटला. मॅडमनी भाषण करायचं नाकारलं. दुपारी पालघरला मोठी बैठक होती, त्यात मॅडमनी बेलपाड्याच्या एस.टी.ची हकीकत सांगायची असं ठरलेलं. म्हणून त्या आणि मी त्याच गाडीने निघालो. आदल्या दिवसापासून त्यांची धावपळ चालली होती, गाडी सुटेपर्यंत त्यांचा फोन कानावरून खाली आला नव्हता. जमनी आजी त्यांच्या शेजारी खिडकीशी बसली. तिची ही पहिलीच एस.टी.

मोहाचं वळण गेलं आणि मॅडमची मान कलली. दोन हेलकाव्यांत डोकं म्हातारीच्या खांद्यावर गेलं. मी इतकी वर्षं त्यांना ओळखत होते, पण न बोलणाऱ्या मॅडम मी पहिल्यांदा पाहिल्या. कंडक्टर नवा होता, त्याला काही ठाऊक नव्हतं. तो म्हणाला, "ओ बाई, तिकीट?" जमनी आजीने तोंडावर बोट ठेवलं. "उठवू नको. माझी पाव्हनी हाय." मी आम्हा तिघींची तिकिटं काढली.

बोईसर आलं. माणसं उतरली. रंजना पाठीवर दप्तर घेऊन उतरली आणि मागे न बघता गर्दीत गेली. मी मॅडमना हलवायला हात पुढे केला, तर आजीने तो धरला.

"आजी, त्यांना मीटिंग आहे."

"कसली?"

"तुमच्या एस.टी.चीच."

"एस.टी. तर आली," आजी म्हणाली. "आता काय बोलायचं त्यात?"

मी हात मागे घेतला. गाडी थोड्या वेळाने परत जाणारच होती. मी पुन्हा तीन तिकिटं काढली. येताना आजीने एक हात मॅडमच्या कमरेभोवती घातला होता, वळणावर घसरू नयेत म्हणून. दुसऱ्या हाताने ती खिडकीचा गज धरून बाहेरचं सगळं बघत होती. मॅडमचा फोन पिशवीत वाजत होता. मी तो बंद केला.

गाडी पाड्यात शिरली आणि खळ्यात वळताना जोराचा हेलकावा बसला, तेव्हा मॅडम दचकून जाग्या झाल्या. चष्मा सारखा केला, बाहेर पाहिलं. तेच खळं, तीच घरं, नारळाची फुटलेली करवंटी.

"अगं," त्या घाबरून म्हणाल्या, "अजून सुटली नाय काय गाडी?"

जमनी आजीने त्यांचा पदर नीट केला.

"जाऊन आली गं बाय," ती म्हणाली. "जाऊन आली."